जुन्या फोर्ड पिकअपला कमिन्स डिझेल इंजिन बसवावे का?

प्रश्न : मी इंडियाना राज्यातील कोलंबस येथे राहतो. माझ्याकडे 1972 ची फोर्ड एफ-100 पिकअप आहे. लांब हौदा, मागच्या दोन चाकांना ताकद, 360 घन इंची व्ही-8 पेट्रोल इंजिन आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक अशी ती आहे. इंजिन तेल पिते आणि मायलेज गॅलनला अकरा मैलांच्या वर जात नाही. वर्षाला साधारण तीन हजार मैल गाडी चालते. त्यातले काही फेरे सहा हजार पौंडांचा ट्रेलर ओढून होतात. जवळच एकाकडे 1992 ची अपघातग्रस्त डॉज पिकअप विकायला आहे. तिच्यात कमिन्सचे 5.9 लिटरचे सहा सिलिंडरचे डिझेल इंजिन आणि गेट्रागचा पाच गिअरचा बॉक्स आहे. माझे वडील पुण्यात कोथरूडच्या कमिन्समध्ये नोकरीला होते, त्यामुळे या इंजिनाबद्दल घरात जिव्हाळा आहे. ते इंजिन फोर्डमध्ये बसवावे असे मनात आहे. गॅरेज घरचेच आहे आणि वेल्डिंगही येते. हे काम करावे का, आणि केल्यास कुठून सुरुवात करावी?

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुमचे इंजिन चांगले आहे आणि गाडीही चांगली आहे, पण या दोघांची पत्रिका जुळत नाही. म्हणजे लग्न लागणारच नाही असे नव्हे. मात्र ते लावायचे तर फोर्डचा पुढचा एक्सल, ब्रेक, मागचे डिफरन्शियल आणि इंधनाची टाकी हे सगळेच बदलावे लागेल आणि त्या यादीत प्रत्यक्ष इंजिन बसवणे हे सर्वांत सोपे काम ठरेल. तुमच्या पत्रात इंजिनाविषयी पुष्कळ लिहिले आहे, पण पुढच्या एक्सलविषयी अवाक्षर नाही. म्हणून मी तिथूनच सुरुवात करतो.

कमिन्सचे हे इंजिन, ज्याला 6बीटी म्हणतात, तयारीनिशी अकराशे पौंडांच्या आसपास, म्हणजे जवळपास पाचशे किलो भरते. फोर्डचे 360 इंजिन साडेसहाशे पौंडांच्या घरात असते. याचा अर्थ पुढच्या चाकांवर सुमारे साडेचारशे पौंड, म्हणजे दोनशे किलो जादा वजन कायमचे येणार. यात इंटरकूलर, मोठा रेडिएटर आणि दुसरी बॅटरी अजून धरलेली नाही आणि हे तिन्ही भाग एक्सलच्याही पुढे बसतात. एफ-100 हा फोर्डच्या एफ-मालिकेच्या पिकअपांतला तेव्हाचा सर्वांत हलका वर्ग. तिच्या पुढच्या बाजूला फोर्डने 1965 पासून वापरलेली ट्विन आय-बीम रचना आहे. तिच्यात दोन बीम एकमेकांना ओलांडून इंजिनाखालून जातात आणि प्रत्येकाचा खिळा चाकाच्या विरुद्ध बाजूला आडव्या क्रॉसमेंबरवर असतो. या रचनेत वजन वाढून गाडी खाली बसली की चाकांचा उभा कोन बिघडतो, टायर आतल्या कडेने झिजू लागतात आणि नुसते जाड कॉईल स्प्रिंग घालून भागत नाही. किंगपिन, बुश, रेडियस आर्मचे रबर आणि क्रॉसमेंबरचे रिव्हेट हे सर्व पन्नास वर्षांचे आहेत हेही लक्षात घ्यावे. इंजिनाच्या तळाशी असलेल्या तेलाच्या सम्पचा, म्हणजे तेलपात्राचा, प्रश्नही येथेच येतो. इंजिन खाली-वर आणि मागे-पुढे सरकवताना सम्पला बीमच्या हालचालीची पूर्ण जागा मिळाली पाहिजे. गाडी उभी असताना मोकळी दिसणारी जागा खड्ड्यात चाक वर आल्यावर उरतेच असे नाही.

आता ब्रेक. साडेचारशे पौंड जास्तीचे वजन पुढे घेऊन आणि मागे सहा हजार पौंडांचा ट्रेलर लावून चारही चाकांच्या ड्रमवर महामार्गावर उतरण्याचा विचार कृपया करू नका. डिझेल इंजिनाच्या हवेच्या वाटेत पेट्रोल इंजिनासारखी थ्रॉटलची झडप नसते आणि याचे दोन परिणाम होतात. पहिला म्हणजे पाय काढल्यावर इंजिन गाडीला फारसे रोखत नाही, उतारावर ती तशीच घरंगळते. दुसरा म्हणजे ब्रेक बूस्टरला लागणारी निर्वात पोकळी इंजिन तयार करीत नाही. डॉजमध्ये त्यासाठी इंजिनाच्या पुढच्या गिअरवर चालणारा व्हॅक्यूम पंप असतो आणि त्याच्याच पाठीला पॉवर स्टीअरिंगचा पंप जोडलेला असतो. ही जोडी डाव्या बाजूला खाली बसते आणि फोर्डचा स्टीअरिंग बॉक्सही डावीकडेच आहे, तेव्हा तिथली जागा इंजिन टांगून प्रत्यक्ष मोजावी. एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे धुराची वाट अडवून इंजिनाला रोखणारी झडप, लावून उतारावरची उणीव पुष्कळ भरून काढता येते, पण जुन्या बारा व्हॉल्व्हच्या 6बीटीला तो लावण्यापूर्वी एक्झॉस्ट व्हॉल्व्हचे स्प्रिंग साठ पौंडी घालावेत. मूळचे स्प्रिंग त्या उलट दाबापुढे टिकत नाहीत आणि व्हॉल्व्ह उघडे राहू लागतात. पुढच्या ड्रमऐवजी 1973 ते 1979 च्या फोर्डचे डिस्क ब्रेकसह बीम बसवण्याची पद्धत तिकडे रुळलेली आहे. ट्रेलरला स्वतःचे विद्युत ब्रेक आणि केबिनमध्ये त्यांचा कंट्रोलर हवाच.

गिअरचे गणित मात्र आधी कागदावर करता येते आणि ते केल्याशिवाय एकही नट सोडू नये. हे इंजिन 1989 साली डॉज पिकअपमध्ये आले तेव्हा त्याची जाहीर ताकद 160 अश्वशक्ती होती, तीही मिनिटाला 2500 फेऱ्यांवर. अश्वशक्तीचा हा आकडा तुमच्या व्ही-8 च्या त्या काळच्या जाहीर आकड्यापेक्षा कमीच आहे. याची खरी करामत म्हणजे 1700 फेऱ्यांच्या आसपास मिळणारा 400 पौंड-फुटांचा टॉर्क. तेव्हा हे इंजिन सावकाश फिरवायचे असते. तुमचे टायर साधारण 29 इंच उंचीचे आणि मागच्या डिफरन्शियलचे गिअर प्रमाण 3.50 धरले, तर ओव्हरड्राइव्ह, म्हणजे इंजिन सावकाश फिरू देणारा वरचा गिअर, नसताना ताशी 65 मैलांवर इंजिन सुमारे 2640 फेऱ्या करील, म्हणजे सतत आपल्या मर्यादेवर ओरडत राहील. प्रमाण 4.10 असेल तर फेऱ्या तीन हजारांच्या वर जातात आणि इंजिनाच्या फेऱ्या मर्यादेत ठेवणारा गव्हर्नर त्याआधीच इंधन आवरू लागतो. 0.73 चा पाचवा गिअर असलेला एनव्ही4500 बॉक्स वापरला, तर याच वेगाला 3.50 वर सुमारे 1925 आणि 4.10 वर 2250 फेऱ्या होतात आणि इंजिन खुशीत राहते. तुमच्या डॉजमधला गेट्राग बॉक्स ओव्हरड्राइव्हचा आहे, तो चालेल. मात्र त्याचे सुटे भाग आता सहजी मिळत नाहीत. तेव्हा तो आवाज करीत असेल तर त्यावर खर्च न करता सरळ एनव्ही4500 शोधावा.

मागच्या बाजूला एफ-100 ला फोर्डचा नऊ इंची एक्सल आहे. तो नावाजलेला आहे यात शंका नाही, पण पिकअपच्या साध्या शाफ्टनिशी 400 पौंड-फुटांचा टॉर्क, त्यावर पहिल्या गिअरचे पाचपटीहून अधिक गुणन आणि मागे भरलेला ट्रेलर, एवढे त्याच्यावर टाकणे मला योग्य वाटत नाही. डॉजच्या खाली डॅना 70 हा कितीतरी भक्कम एक्सल आहे. म्हणूनच माझा आग्रह असा की डॉज घ्यायची तर पूर्ण गाडी घ्यावी, फक्त इंजिन-गिअरबॉक्स घेऊ नये. इंजिन आणि बॉक्स यांमधला अडॅप्टर, फ्लायव्हील, क्लच, पेडल, इंटरकूलर, त्याचे पाइप, रेडिएटर, व्हॅक्यूम पंप आणि इंजिनाचे माउंट हे सगळे तिच्यात एकमेकांना जुळलेले असतात. ब्रेड पोहोचवणाऱ्या व्हॅनमधून किंवा शेतीच्या यंत्रातून काढलेले इंजिन स्वस्त मिळते खरे, पण त्याचे मागचे हाउसिंग वेगळ्या मापाचे असते आणि मग अडॅप्टर, फ्लायव्हील, स्टार्टर यांच्या मागे धावताना चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होतो.

त्याच मालिकेतले चार सिलिंडरचे 3.9 लिटरचे 4बीटी घ्यावे का, असे तुम्ही विचारलेले नाही, पण कोणीतरी ते सुचवीलच. दोन्ही इंजिनांचा बोअर 102 आणि स्ट्रोक 120 मिलिमीटर, त्यामुळे बरेच भाग समान आहेत. 4बीटी सुमारे साडेसातशे पौंडांचे असल्याने पुढच्या एक्सलला परवडते. मात्र सरळ रांगेतले सहा सिलिंडरचे इंजिन स्वभावतःच समतोल असते, तर चार सिलिंडरचे तसे नसते. एवढ्या मोठ्या पिस्टनांचे चार सिलिंडर निष्क्रिय फेऱ्यांवर हलके केबिन असे हलवतात की आरशात मागची गाडी एक आहे की दोन हे कळत नाही. मऊ माउंट लावून त्रास कमी होतो, जात नाही. रोज व्हॅन चालवणाऱ्याला ते चालते, हौसेच्या गाडीत चालेल असे मला वाटत नाही.

मायलेजविषयी तुमची अपेक्षा खोटी नाही, पण हिशेब करून पाहावा. जड डिझेल इंजिन, योग्य गिअर आणि ट्रेलर नसताना या गाडीने गॅलनला एकोणीस मैल दिले असे धरू. तीन हजार मैलांना आज 273 गॅलन पेट्रोल लागते, तेव्हा 158 गॅलन डिझेल लागेल. वाचले 115 गॅलन, आणि डिझेल बहुधा पेट्रोलपेक्षा महागच असते, त्यामुळे प्रत्यक्ष बचत त्याहून कमी. एकट्या ब्रेकांचा आणि पुढच्या बीमचा खर्चही या बचतीतून निघायला वर्षे लागतील. हौसेला मोल नसते हे मला मान्य आहे, परंतु मग ती हौस म्हणूनच करावी, बचत म्हणून करू नये.

हौसेचाच विषय निघाला आहे तर तुमच्या गावचीच एक गोष्ट सांगतो. कमिन्स कंपनी 1919 साली कोलंबसमध्ये सुरू झाली आणि दहा वर्षे होऊनही डिझेल इंजिनांना गिऱ्हाईक मिळत नव्हते. तेव्हा क्लेसी कमिन्स यांनी 1929 मध्ये एका वापरलेल्या पॅकार्ड लिमोझिनमध्ये आपले चार सिलिंडरचे डिझेल इंजिन बसवले आणि नाताळच्या दिवशी कंपनीला पैसा पुरवणाऱ्या डब्ल्यू. जी. अर्विन यांना त्यातून फिरवून आणले. पुढच्या जानेवारीत तीच गाडी इंडियानापोलिसहून न्यूयॉर्कला नेली. सुमारे आठशे मैलांच्या त्या प्रवासाला इंधनाचा खर्च 1 डॉलर 38 सेंट आला. तेव्हा जड डिझेल इंजिन नको त्या गाडीत बसवण्याची परंपरा तुमच्या गल्लीइतकीच जुनी आहे. फरक एवढाच की त्यांनी निवडलेली गाडी मुळातच अवजड होती. वडिलांच्या संदर्भात एक गोष्ट : पुण्याची कंपनी 1962 पासूनची, पण टाटांच्या ट्रकांसाठी याच बी-मालिकेची इंजिने जमशेदपूरच्या टाटा कमिन्समध्ये बनू लागली. महाराष्ट्राच्या रस्त्यांवर मालट्रकांतून या इंजिनाचा जो आवाज तुम्ही लहानपणी ऐकला असेल, तो तिथला.

आता मूळ मुद्दा. इंजिनाला साजेशी गाडी शोधणे हा यातला शहाणपणाचा मार्ग आहे. 1967 ते 1972 या पिढीतल्या एफ-250 चे केबिन, बॉनेट आणि हौदा तुमच्या गाडीसारखेच असतात, लांब हौद्याच्या एफ-100 प्रमाणेच तिचाही व्हीलबेस 131 इंचांचा असतो, पण खालची चासी, स्प्रिंग आणि पुढचे बीम जड वजनासाठी केलेले असतात आणि मागे डॅना 60 एक्सल असतो. गंजलेल्या केबिनची पण चांगल्या चासीची एफ-250 मिळाली आणि तुमचे केबिन तिच्यावर आणून बसवले, तर डोळ्यांना गाडी तुमचीच राहील. यात कायद्याची एक मेख आहे. गाडीची ओळख दाखवणारा क्रमांक चासीवरही कोरलेला असतो, त्यामुळे चासी बदलल्यावर टायटलवर, म्हणजे मालकीच्या दाखल्यावर, कोणता क्रमांक राहणार हे इंडियानाच्या बीएमव्ही या वाहन नोंदणी कार्यालयात काम सुरू करण्यापूर्वी लेखी विचारावे आणि दोन्ही गाड्यांची टायटले हातात असल्याखेरीज काही कापू नये. उत्सर्जन चाचणी इंडियानात लेक आणि पोर्टर या उत्तरेकडच्या दोन काउंट्यांतच होते, कोलंबस त्यात येत नाही. पण चाचणी नाही म्हणून केंद्रीय नियम लागू नाहीत असे समजू नये. डॉजच्या इंजिनावरची उत्सर्जन साधने आहेत तशी ठेवावीत आणि विमा कंपनीला इंजिनबदल कळवावा. शेतीसाठी मिळणारे लाल रंगाचे करमुक्त डिझेल रस्त्यावरच्या गाडीत घालणे गुन्हा आहे, हेही शेजाऱ्यांच्या सल्ल्याआधी माहीत असलेले बरे.

एवढी उस्तवार नको असेल तर तुमच्या 360 इंजिनाचे ओव्हरहॉल हा पर्याय मी कमी प्रतीचा मानत नाही. 360 आणि 390 या दोन्ही फोर्ड इंजिनांचा बोअर 4.05 इंच असाच आहे. ओव्हरहॉल करतानाच 390 चा क्रँक, त्याला जुळणारे कनेक्टिंग रॉड आणि पिस्टन घातले तर बाहेरून काहीही न बदलता इंजिन मोठे होते. ते मूळ माउंटवर, मूळ बॉक्ससह बसते आणि गाडी पुढच्या हंगामात रस्त्यावर येते. पुढे डिस्क ब्रेक घातले की तीन हजार मैलांच्या वापराला ती उत्तम आहे. ट्रेलरचे फेरे मात्र वेगळ्या गाडीने करावेत. तुमच्या जागी मी असतो तर हेच केले असते.

तरीही डिझेलच करायचे ठरले आणि एफ-250 ची चासी मिळाली, तर काही गोष्टी इंजिन बाहेर असतानाच उरकाव्यात. पहिली म्हणजे डॉवेल पिन. या इंजिनाच्या पुढच्या गिअर केसला ब्लॉकशी नेमके जुळवण्यासाठी एक छोटी पोलादी पिन ठोकलेली असते. वर्षानुवर्षांच्या कंपनांनी ती हळूहळू बाहेर सरकते आणि एक दिवस टायमिंग गिअरांमध्ये पडते. केस फुटली तर नशीब म्हणायचे, कधी कधी सगळे इंजिनच जाते. अमेरिकन मेकॅनिक तिला ‘किलर डॉवेल पिन’ म्हणतात. पुढचे कव्हर काढून, पिन पुन्हा आत ठोकून, शेजारच्या बोल्टखाली पत्र्याची छोटी पट्टी तिच्या तोंडावर येईल अशी आवळून टाकली की चिंता मिटते. स्टँडवर हे अर्ध्या दिवसाचे काम आहे, गाडीत बसवल्यावर रेडिएटरपासून सगळे उघडावे लागते.

दुसरी गोष्ट इंधनाची. 1972 च्या या फोर्डमध्ये टाकी केबिनच्या आत, सीटच्या पाठीमागे असते. पेट्रोल उडून जाते, डिझेलचा वास मात्र कापडात आणि पुठ्ठ्यात मुरतो. शिवाय इंजेक्शन पंपातून उरलेले डिझेल टाकीत परत आणणारी नळी मूळ टाकीला नाही. नवी टाकी हौद्याखाली चासीला लावावी, तिला परतीची नळी ठेवावी आणि पन्नास वर्षांच्या पेट्रोलचा चिकट थर बसलेली कोणतीही जुनी नळी पुन्हा वापरू नये, नाहीतर पहिल्याच आठवड्यात फिल्टर भरेल. इंडियानाच्या कडाक्याच्या थंडीत डिझेलमधले मेण गोठते, म्हणून तिथल्या पंपांवरचे हिवाळी मिश्रणच भरावे. या इंजिनाच्या बॉश व्हीई इंजेक्शन पंपाला संगणक लागत नाही, फक्त इंधन तोडणाऱ्या सोलेनॉइडला बारा व्होल्ट मिळाले की तो चालतो, ही या काळातल्या इंजिनाची मोठी सोय. इंजिनात जाणारी हवा तापवणारा हीटर मात्र प्रचंड करंट खेचतो, त्यासाठी दोन बॅटऱ्या आणि जाड केबल लावाव्यात. फोर्डचे मूळ वायरिंग त्या कामाचे नाही.

तिसरी गोष्ट सुरक्षिततेची, आणि घरच्या गॅरेजमध्ये ती सर्वांत आधी यायला हवी. भाड्याने किंवा विकत मिळणारी दोन टनी घडीची क्रेन दोन टन उचलते ती हात पूर्ण आत घेतल्यावर. हात पूर्ण बाहेर काढल्यावर तिची क्षमता बहुधा अर्ध्या टनावर येते, आणि अमेरिकन अर्धा टन म्हणजे हजार पौंड. तुमचे इंजिन त्याहून जड, आणि फोर्डच्या रुंद नाकावरून ते आत सोडायला हात बाहेर काढावाच लागतो. तेव्हा ग्रिल, रेडिएटर आणि पुढचा आधार आधी काढून क्रेन जवळ आणावी किंवा छताला भक्कम गर्डर असेल तर साखळी पुली वापरावी. हजार पौंड क्षमतेचे इंजिन स्टँडही वापरू नये. पहिल्यांदा इंजिन सुरू करताना हवेच्या तोंडावर घट्ट बसेल अशी लाकडी फळी कोणाच्या तरी हातात तयार असावी. इंजिन इंधन तोडूनही थांबत नसेल तर हवा कोंडूनच थांबवता येते, आणि ते काम तळहाताने कधीही करू नये.

डॉजवाल्याला होकार देण्यापूर्वी एक काम करावे. दाराच्या कडेवरील पट्टीवर लिहिलेली एकूण वजनमर्यादा उतरवून घ्यावी आणि गाडी टाकी भरून एखाद्या ट्रक स्टॉपच्या वजनकाट्यावर न्यावी. पुढची चाके वेगळी आणि मागची वेगळी तोलावीत, ट्रेलर जोडून आणि न जोडता. ते चार आकडे आणि एफ-250 चासी मिळाल्यास तिच्या पट्टीवरचे आकडे कळवलेत, तर पुढच्या स्प्रिंगांची निवड आणि मागचे गिअर प्रमाण यांविषयी नेमके लिहिता येईल.